आकड्यांचा कॉर्ड चार्ट वाचायला शिकताना

तालमीत गायिकेनं दोन ओळी म्हटल्या आणि थांबली. "चढतंय रे, एक सूर खाली घेऊ या." माझ्यासमोरच्या कागदावर जी, डी, ई मायनर, सी असे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सूर, सुवाच्य अक्षरांत लिहिलेले होते. मी एकेक कॉर्ड मनातल्या मनात खाली उतरवायला लागलो. जीचा एफ, डीचा सी, ई मायनरचा... इथं अडकलो. तोवर शेजारच्या बेसवाल्यानं आपल्या कागदाच्या कोपऱ्यातलं 'जी' खोडून 'एफ' लिहिलं होतं आणि तो तारांवर बोटं ठेवून माझी वाट बघत बसला होता. त्याच्या कागदावर कॉर्डची नावं नव्हतीच. नुसते आकडे होते: १ ५ ६- ४.

या पद्धतीला नॅशव्हिल नंबर सिस्टीम म्हणतात. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात १९५०च्या दशकाच्या अखेरीला ती सुरू झाली. एल्व्हिस प्रेस्लीच्या मागे गाणाऱ्या 'जॉर्डनेअर्स' या चौकडीतला नील मॅथ्यूज आपल्या गटातले आवाज बसवण्यासाठी आकडे वापरायचा. ते बघून हार्मोनिकावादक चार्ली मॅकॉय आणि स्टुडिओतल्या इतर वादकांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तीच युक्ती कॉर्डना लावली. गरज अगदी रोकडी होती. तीन तासांच्या रेकॉर्डिंग सत्रात तीन-चार गाणी उरकायची, गाणं एकदा ऐकून कागदावर उतरवायचं, आणि गायकाची पट्टी ऐन वेळी बदलली तरी कागद पुन्हा लिहायला लागू नये.

हे शिकायला किती वेळ लागतो, असं मला विचारतात. आकडे एका संध्याकाळी येतात. चार्ट वाचता यायला मात्र काही आठवडे जातात, कारण चार्ट चुकतो तो आकड्यांपायी नव्हे, ठोके मोजण्यापायी. आधी आकडे उरकून घेऊ.

१ म्हणजे सा

सरगम येत असेल तर अर्धं काम झालेलं आहे. सा, रे, ग, म, प, ध, नी यांच्या जागी १, २, ३, ४, ५, ६, ७ ठेवा. सगळे स्वर शुद्ध, म्हणजे आपला बिलावल थाट. पाश्चात्त्य संगीतात त्यालाच मेजर स्केल म्हणतात. सा कुठंही धरता येतो आणि पंचम मात्र त्या सापासून तेवढ्याच अंतरावर राहतो, हे आपल्याला कुणी मुद्दाम शिकवत नाही. आकडा हेच अंतर सांगतो. ५ म्हणजे 'पंचमावर उभा असलेला कॉर्ड'. तो कुठला, हे सा कुठं धरलाय त्यावर ठरतं.

पेटीवाल्यांसाठी इथं एक धोक्याची पाटी लावून ठेवतो. 'पांढरी चार' म्हणजे एफ आणि 'काळी एक' म्हणजे सी शार्प (शार्प म्हणजे अर्धा सूर वर, फ्लॅट म्हणजे अर्धा सूर खाली). ते आकडे पेटीवरच्या ठरलेल्या जागा सांगतात. चार्टमधला ४ तशी जागा सांगत नाही, तो फक्त सापासूनचं नातं सांगतो. पांढरी चारमध्ये गायचं ठरलं तर एफ हा १ होतो आणि ४ होतो बी फ्लॅट. दोन्ही आकडे एकाच वाक्यात आले की भल्याभल्यांची गडबड होते, म्हणून चार्ट समोर असताना पट्टीचं नाव अक्षरातच घ्यावं.

कुठल्याही पट्टीतले सात स्वर काढायची किल्ली एकच आहे: एक, एक, अर्धा, एक, एक, एक, अर्धा. सापासून एक सूर वर रे, आणखी एक वर ग, अर्धा वर म, असं करत वरच्या सापर्यंत. गिटारवर एक सूर म्हणजे दोन फ्रेट (दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांची घरं), अर्धा म्हणजे एक. बाराही पट्ट्या पहिल्याच आठवड्यात पाठ करायच्या भानगडीत पडू नका. गिटारवर सुरुवातीला या पाच पुरतात:

सी: सी, डी, ई, एफ, जी, ए, बी
जी: जी, ए, बी, सी, डी, ई, एफ शार्प
डी: डी, ई, एफ शार्प, जी, ए, बी, सी शार्प
ए: ए, बी, सी शार्प, डी, ई, एफ शार्प, जी शार्प
ई: ई, एफ शार्प, जी शार्प, ए, बी, सी शार्प, डी शार्प

पाठांतर क्रमानं करू नका. 'डीमधला ४?' 'जी.' 'एमधला ६?' 'एफ शार्प.' असं उलटसुलट विचारा. क्रमानं पाठ केलेलं पाढ्यासारखं होतं; सात नव्वे किती हे सांगायला सात एके सातपासून सुरुवात करावी लागते.

साधा आकडा मेजर, आडवी रेघ मायनर

पट्टीतल्याच स्वरांतून एकाआड एक तीन स्वर उचलले की कॉर्ड होतो. सीमध्ये १ म्हणजे सी, ई, जी. यातलं सी ते ई अंतर दोन सुरांचं, म्हणून मेजर. २ म्हणजे डी, एफ, ए. डी ते एफ दीडच सूर, म्हणून मायनर. असं सगळ्यांचं केलं की १, ४, ५ मेजर निघतात, २, ३, ६ मायनर आणि ७ डिमिनिश्ड, म्हणजे मायनरहूनही आकसलेला.

आता महत्त्वाची गोष्ट. चार्टमध्ये मायनर कॉर्ड लिहूनच दाखवतात. आकड्यापुढे छोटी आडवी रेघ: २-, ३-, ६-. काहीजण रेघेऐवजी लहान एम लिहितात. रेघ नसेल तर तो मेजर. म्हणजे नुसता २ दिसला तर 'दुसरा तर मायनरच असतो, लिहायचं राहिलं असेल' असं समजू नका. जीमध्ये २- म्हणजे ए मायनर आणि २ म्हणजे ए मेजर. हा मेजर २ बऱ्याच गाण्यांत मुद्दाम येतो, आणि तिथं मायनर वाजवला की गाण्याचा चेहराच पडतो. लिहिलेल्यावर विश्वास ठेवा. शंका आली तर लिहिणाऱ्याला विचारा, मनानं दुरुस्ती करू नका.

रोमन आकड्यांची शास्त्रीय पद्धत वेगळी असते. तिथं मोठ्या लिपीतला आकडा मेजर आणि लहान लिपीतला मायनर. दोन्हींची सरमिसळ करू नये एवढंच.

पट्टीबाहेरचे कॉर्ड आकड्याआधी फ्लॅट किंवा शार्पचं चिन्ह घालून लिहितात. सर्वांत जास्त भेटतो तो फ्लॅट ७, आपल्या भाषेत कोमल निषादावरचा मेजर कॉर्ड. जीमध्ये तो एफ. साधा ७ क्वचितच दिसतो.

एक आकडा, एक बार

इथं थोडं रेंगाळू या, कारण खरी मेख इथंच आहे.

अक्षरांत लिहिलेले कॉर्ड आपण गाण्याच्या शब्दांवर बघत आलेले असतो: या शब्दावर जी, त्या शब्दावर डी. त्यामुळं मोजायची सवयच लागत नाही. गायक पुढे सरकला की आपण मागोमाग. आकड्यांच्या चार्टवर शब्द नसतात. तिथं एक आकडा म्हणजे एक पूर्ण बार, म्हणजे ठोक्यांचं एक आवर्तन. ४/४मध्ये चार ठोके, ३/४मध्ये तीन, ६/८मध्ये सहा. एकच कॉर्ड दोन बार चालत असेल तर आकडा दोनदा लिहितात. १ १ याचा अर्थ 'एक वाजवा, मग पुन्हा एक वाजवा' असा नाही. 'आठ ठोके इथंच थांबा' असा आहे.

एका ओळीत बहुधा चार बार असतात. यामागे सोय आहे. बहुतेक गाणी चार-चार बारच्या तुकड्यांनी चालतात, त्यामुळं ओळ संपली की वाक्य संपतं. एखाद्या ओळीत पाच किंवा तीन आकडे दिसले तर तिथं पेन्सिलनं खूण करा. तिथं गाणं ठरल्यापेक्षा एक बार जास्त किंवा कमी चालतं, आणि नवा वादक हमखास तिथंच घसरतो.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिले काही दिवस वाद्याला हात लावू देत नाही. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) लावायचा, चार्टवर बोट ठेवायचं आणि मोठ्यानं मोजायचं. फक्त मोजताना पहिल्या ठोक्याला 'एक' न म्हणता आपण कितव्या बारमध्ये आहोत ते म्हणायचं: एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार, चार-दोन-तीन-चार. बोट दर पहिल्या ठोक्याला पुढच्या आकड्यावर. कंटाळवाणं आहे, मान्य. पण वाजवताना बोट चुकलं तर कॉर्ड चुकतो. मोजणं चुकलं तर सगळं गाणं हातचं जातं.

एक चार्ट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

हा मी सरावासाठी बनवलेला चार्ट:

पट्टी जी, ४/४, टेम्पो ७६

सुरुवात
१   ५   ६-   ४

कडवं
१   १   ४   १
६-   ४   ५   ५

ध्रुवपद
४   ५   १   ६-
२-   ५   ४   (१ ५)

शेवट
४   ५   ◇१

आधी वरची ओळ वाचा. घाईत ही ओळ सोडून देणारे लोक मी खूप पाहिलेत. पट्टी कळल्याशिवाय आकड्यांना अर्थ नाही आणि ठोके कळल्याशिवाय बारला. मग नुसते भाग बघा: सुरुवातीचे चार बार, कडव्याचे आठ, ध्रुवपदाचे आठ, शेवटचे तीन. कडवं आणि ध्रुवपद मिळून सोळा बार, म्हणजे ६४ ठोके; ७६च्या टेम्पोला, म्हणजे मिनिटाला ७६ ठोके धरून, साधारण ५० सेकंद. एवढं डोक्यात बसलं की गाण्याचा नकाशा हातात आला. छापील किंवा हाती लिहिलेल्या चार्टवर हे भाग इंग्रजी आद्याक्षरांनी दाखवलेले असतात: कडव्याला व्ही, ध्रुवपदाला सीएच.

आता कडवं. जीमध्ये १ म्हणजे जी, आठ ठोके. मग ४, म्हणजे सी, चार ठोके. परत जी. दुसऱ्या ओळीत ई मायनर, सी आणि डीचे आठ ठोके. हा शेवटचा लांबलेला ५ ध्रुवपदाच्या दारात आणून सोडतो.

ध्रुवपद मात्र १वर न उघडता ४वर उघडतं. सवयीनं हात जीवर जाईल, तिथं सावध राहा. सी, डी, जी, ई मायनर. ए मायनर, डी, सी. आणि शेवटी कंसातली जोडी. खऱ्या चार्टमध्ये या जोडीखाली एक सलग रेघ असते. इथं रेघ नीट उमटत नाही म्हणून मी कंस घातलाय, तशीही पद्धत आहेच. अर्थ एवढाच की दोन्ही आकड्यांत मिळून एकच बार: दोन ठोके जी, दोन ठोके डी. वाटणी समान नसेल तर आकड्यांवर ठिपके किंवा छोट्या उभ्या रेघा देतात. १वर तीन ठिपके आणि ५वर एक, म्हणजे तीन ठोके आणि एक ठोका.

शेवटच्या १ला पत्त्यांतल्या चौकटसारखा हिरा आहे (कागदावर तो आकड्याभोवती काढतात). हिरा म्हणजे पहिल्या ठोक्याला एकदाच वाजवा आणि बारभर घुमू द्या. ड्रमवालाही एकच ठोका देऊन थांबतो. हिरा न बघता जो स्ट्रमिंग चालू ठेवतो तो त्या शांततेत एकटाच वाजत राहतो, आणि सगळे वळून बघतात.

हाच चार्ट आता डीमध्ये वाजवा. कागदावर फक्त 'जी'चं 'डी' करा. कडवं: डी, डी, जी, डी, बी मायनर, जी, ए, ए. डोक्यात 'आधी जी होता, आता डी' असा अनुवाद चालू असेल तर थांबा. आकड्यावरून थेट हात जायला हवा, आणि ते कसं जमवायचं हे वाद्यावर अवलंबून आहे.

हातात आकडे बसवणं

गिटारवाल्यांचं नशीब चांगलं. बार कॉर्ड (एक बोट तारांवर आडवं दाबून धरायचे कॉर्ड; ठोक्यांच्या बारशी त्यांचा संबंध नाही) येत असतील तर सगळ्या पट्ट्यांचा नकाशा एकच. १चा सूर जाड तारेवर, म्हणजे सहाव्या तारेवर धरा. त्याच फ्रेटवर पाचव्या तारेला ४. तिथून दोन फ्रेट वर ५. सहाव्याच तारेवर १पासून दोन फ्रेट वर २-, चार फ्रेट वर ३-, आणि तीन फ्रेट खाली ६-. जीसाठी हे तिसऱ्या फ्रेटपासून, एसाठी पाचव्यापासून. आकार तेच, फक्त हात सरकतो. उघड्या तारांचे कॉर्ड आवडत असतील तर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावा: दुसऱ्या फ्रेटला कॅपो लावून जीचे आकार वाजवले की ऐकू येतो ए. मात्र बाकीच्यांशी बोलताना 'आपण एमध्ये आहोत' असंच म्हणा. कॅपोवाला 'जी' म्हणतो, कीबोर्डवाला खरा जी वाजवतो, आणि पहिल्याच बारला अपघात.

कीबोर्डवर असा सरकता आकार नाही. प्रत्येक पट्टीत काळ्या-पांढऱ्यांची मांडणी बदलते. तिथं इलाज एकच: एक पट्टी आठवडाभर. रोज १ ४ ५ १ आणि १ ६- २- ५ या दोन साखळ्या, डावा हात फक्त मूळ सूर, उजवा हात कॉर्ड, तोंडानं आकडे. 'जी, सी, डी' असं म्हणायचं नाही, 'एक, चार, पाच' म्हणायचं.

बेसवाल्याला सुरुवातीला फक्त मूळ सूर पुरतात, म्हणून तो सगळ्यांत लवकर शिकतो. माझ्या त्या तालमीत तो माझ्याआधीच तयार होऊन का बसला होता, ते मला नंतर कळलं.

बाकीच्या खुणा

आकड्याच्या खांद्यावर बारीक ७ असेल तर सेव्हन्थ कॉर्ड, म्हणजे तीन स्वरांवर चौथा जोडलेला. लहान त्रिकोण असेल तर मेजर सेव्हन्थ, लहान गोल असेल तर डिमिनिश्ड. आकड्यावर उलट्या व्हीसारखी टोपी असेल तर वाजवून लगेच दाबा, आवाज तोडा. आकड्यावर बाणाचं टोक असेल तर कॉर्ड अर्धा ठोका आधी येतो, म्हणजे मागच्या बारच्या चौथ्या ठोक्यानंतरच्या अर्ध्यावर. वादक याला पुश म्हणतात. पुश वाजवून झाल्यावर पहिला ठोका पुन्हा मारू नका, पण मनात मोजा.

तिरकी रेघ मला महागात पडली आहे. चार्टवर १ ५/७ ६- असं होतं. मी वाचलं 'पाच-सात' आणि जीच्या पट्टीत डी सेव्हन्थ ठणकावला, खालची डीची तार मोकळी सोडून. बेसवाला एफ शार्पवर होता. तिरक्या रेघेच्या अलीकडचा आकडा कॉर्ड सांगतो, पलीकडचा बेसचा सूर. ५/७ म्हणजे डीचा साधा मेजर कॉर्ड आणि बेसला सातवा स्वर, एफ शार्प. त्यामुळं बेस जी, एफ शार्प, ई असा पायरी-पायरीनं उतरतो. माझ्या मोकळ्या तारेनं ती उतरण पार गढूळ केली. १/३ आणि ५/७ या दोन जोड्या सतत भेटतात, तेवढ्या डोळ्यांना ओळखीच्या करून ठेवा. खांद्यावरचा बारीक ७ आणि रेघेपलीकडचा ७ यांत अंतर एका रेघेचं आहे, आणि घाईत लिहिलेल्या चार्टवर तेही पुसट असतं.

गाणं मध्येच पट्टी बदलत असेल तर चार्टवर तसं लिहिलेलं असतं, 'एक सूर वर' किंवा 'अर्धा सूर वर'. त्यानंतरचे आकडे नव्या सापासून मोजायचे. म्हणजे शेवटचं ध्रुवपद कागदावर हुबेहूब पहिल्यासारखंच दिसतं, ऐकायला मात्र ते जीऐवजी एमध्ये येतं.

मायनर पट्टीतल्या गाण्यांबाबत दोन पंथ आहेत. ई मायनरमधलं गाणं काहीजण ई हाच १- धरून लिहितात. काहीजण त्याच स्वरांची जी ही पट्टी धरून ईला ६- म्हणतात. मला दुसरी पद्धत बरी वाटते, कारण आधी पाठ केलेले आकडे तसेच उपयोगी पडतात आणि फ्लॅटच्या खुणा कमी लागतात. पण पहिल्या पंथाचे लोकही भेटतील. वर 'ई मायनर' लिहिलंय आणि पहिलाच आकडा ६- आहे असं दिसलं तर वाजवण्याआधी '१ कुठला?' एवढा प्रश्न विचारून टाका.

या चार्टवर चाल नसते, तान नसते. एखादा ठरलेला तुकडा सगळ्यांनी मिळून वाजवायचा असेल तर तो कोपऱ्यात स्वरलिपीत लिहितात. दर दोन बारला पट्टी बदलणाऱ्या जॅझच्या रचनांना ही पद्धत फारशी सोयीची नाही; तिथं अक्षरंच बरी.

स्वतः चार्ट लिहा

वाचणं पक्कं होतं ते लिहून. तोंडपाठ असलेलं, तीन-चार कॉर्डचं गाणं घ्या. एकदा ऐकताना फक्त बार मोजा आणि प्रत्येक बारला एक टिंब द्या, चार टिंबांची एक ओळ. दुसऱ्यांदा ऐकताना सा शोधा. गाणं जिथं 'घरी आलं' असं वाटतं तो १. तिसऱ्यांदा फक्त बेस ऐका आणि टिंबांच्या जागी आकडे भरा. बेस कधी कधी फसवतो, कारण १/३मध्ये त्याचा सूर तिसरा असतो पण कॉर्ड पहिलाच. म्हणून चौथ्यांदा वाजवून पडताळा आणि मायनरच्या रेघा घाला. जिथं कानाला ठरवता येत नाही तिथं ४ की २- असा गोंधळ बहुधा असतो, कारण त्या दोन कॉर्डमधले दोन सूर सारखेच आहेत. अशा वेळी बेसचं ऐका.

सगळं एका पानात बसवा. वाजवताना पान उलटायला हात मोकळा नसतो. आकडे मोठे काढा, मायनरची रेघ आकड्याच्या उजवीला आणि जोडीची रेघ ठळकपणे खाली, म्हणजे दोन्हींची गल्लत होणार नाही. आणि आकडे हवं तर पेननं लिहा, पण वरच्या कोपऱ्यातलं पट्टीचं नाव पेन्सिलनं लिहा. गायिका अजून यायची आहे.